माहेरचे उल्लेख, सासरचे उल्लेख

झाशीत तिळाच्या जनुकांवर काम करणाऱ्या दोन बायका आहेत आणि त्यांतली दुसरी माझ्यापेक्षा पुष्कळ हुशार आहे, ही बातमी मला हातात समोसा धरलेल्या एका पाहुण्यांनी दिली. आमच्या संस्थेत चर्चासत्र होतं, चहाची सुट्टी झाली होती, आणि बाहेरून आलेले हे बुजुर्ग शास्त्रज्ञ माझं भाषण ऐकून माझं भलं करायच्या बेतात होते.

"आप ठीक काम कर रही हैं," ते म्हणाले, "लेकिन आपके ही शहर में एक और मैडम हैं. तिल की फली पकने पर चटके नहीं, उस पर उनका एक पुराना पेपर है. दुनिया भर के लोग साइट करते हैं. कभी मिलिए उनसे."

"जी, मिलती रहती हूँ," मी म्हटलं.

"अच्छा? कैसी हैं?"

"थोड़ी घमंडी हैं."

त्यांनी सहानुभूतीनं मान हलवली आणि मी चहाचा कप तिथंच टेकवून मागच्या व्हरांड्यात जाऊन पोट धरून हसले. ती घमेंडखोर बाई मीच होते. लग्नाआधीची मी.

आता हे दोन बायकांचं प्रकरण नीट सांगायला हवं. आमच्याकडे लग्नात तबकात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. माझ्या नवऱ्याचं अक्षर असं की भटजींनी दोनदा विचारलं, नक्की काय लिहिलंय. हल्ली पुष्कळजणी पाळण्यातलं नाव तसंच ठेवतात, मीही ठेवलं असतं. पण माझं नाव आणि सासूबाईंचं नाव एकच निघालं. आता आली का पंचाईत. माझ्या सासऱ्यांच्या घरात बायकोचं नाव तोंडानं घ्यायचं नाही असा जुना शिरस्ता. मामंजी, म्हणजे माझे सासरे, सासूबाईंना "अगं" आणि "ऐकलंस का" याच्या पलीकडे कधी गेले नव्हते. सुनेच्या निमित्तानं ते नाव उठताबसता घ्यायची वेळ आली असती, तर त्यांनी बोलणंच सोडलं असतं. म्हणून तांदळात माझं नवं नाव उमटलं. वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव आलं, आडनावही बदललं. गाडीचे सगळे डबे बदलले, इंजिन तेवढं तेच राहिलं.

तोपर्यंत माझे काही पेपर माहेरच्या नावानं छापून झाले होते. त्यांतला एक बरा निघाला. तिळाचं बोंड पिकलं की वरून उलतं आणि कापणीच्या आधीच दाणे मातीत सांडतात, हे शेतकऱ्याचं जुनं दुखणं. झाशीजवळच्या बरुआसागरच्या एका शेताच्या कडेला मला एक झाड सापडलं, ज्याची बोंडं पिकूनही तोंड मिटून बसली होती. ते का, आणि ते पोराबाळांत कसं उतरतं, यावर मी लिहिलं. लग्नानंतर त्याच कामाचा धागा पुढं नेत मी आणखी पुष्कळ पेपर लिहिले, ते सासरच्या नावानं. कुठल्यातरी परदेशी संगणकाला तबकातले तांदूळ कुणी दाखवले नव्हते. त्यानं इमानदारीत दोन वेगळ्या बायका नोंदवल्या आणि दोघींचे उल्लेख वेगळे मोजायला लागला.

उल्लेख म्हणजे सायटेशन. आपण लिहिलेलं कुणाच्या उपयोगी पडलं की तो माणूस आपल्या पेपरात लिहितो, की हे अमुकबाईंनी आधी सांगून ठेवलं आहे. बस, एवढंच. पण आमच्या धंद्यात माणसाची किंमत यावरूनच ठरते.

समोशाची गोष्ट मी घरी आल्यावर जेवताना सांगितली. आम्ही झाशीतल्या नगरा भागात राहतो. नवरा रेल्वेत, गाडी घेऊन अर्धा महिना बाहेर. त्या दिवशी तो होता आणि हसून हसून त्याला ठसका लागला. सासूबाई हसल्या. मामंजी मात्र घास हातात धरून बसले.

मामंजींचे वडील भुसावळकडून बदलून झाशीला आले आणि मग हे कुटुंब इथंच रुळलं. स्वतः मामंजींची सगळी नोकरी रेल्वेच्या कंट्रोलमध्ये गेली. कुठली गाडी कुठं आहे, किती मागं आहे आणि का, हे कागदावर रेघा मारून बघत बसायचं. निवृत्त होऊनही ती सवय सुटली नव्हती. कुणाच्या मुलाचं लग्न लांबलं तरी ते लेट म्हणूनच सांगायचे.

"म्हणजे तिकडची पुढं आहे," ते म्हणाले.

तिकडची म्हणजे झाशीतल्याच ओरछा गेटची. माझं माहेर तिथं.

"अहो मामंजी, दोन्ही मीच ना."

"ते झालं गं. पण बापाच्या घरी होतीस तेव्हा धावत होतीस, आणि आमच्याकडे आल्यावर लेट? लोक आम्हालाच विचारतील ना."

मी समजावून सांगितलं, की जुना पेपर जुना आहे, त्याला जास्त वर्षं मिळाली, म्हणून उल्लेख जास्त. ते म्हणाले, लेट का झाली त्याचं कारण लिहिता येतं, लेट पुसता येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या सासरी जे सुरू झालं त्याला मी अजून हसते. मी पोळपाटाला हात लावला की मामंजी स्वयंपाकघराच्या दारात. "ही इथं लाटत बसली, की तिकडे तिकडची पुढं जाते." सासूबाई म्हणाल्या, मग तुम्ही लाटा. आणि त्यांनी खरंच लाटणं घेतलं. त्यांची पोळी कुठल्याच बाजूनं गोल नसायची, पण उत्साह दांडगा. चैत्रातलं हळदीकुंकू आलं तेव्हा मला पन्ह्याच्या पातेल्यापाशीसुद्धा फिरकू दिलं नाही. शेजारच्या बायकांनी सासूबाईंना विचारलं, "बहू नहीं दिख रही, तबियत ठीक है?" सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तबियत ठीक है. पिछड़ रही है."

मी आतल्या खोलीत बसून पेपर लिहीत होते आणि बाहेर बायका काहीच न समजून हं हं करत होत्या. असं सासर फार थोड्यांच्या नशिबी येतं, आणि मला ते निव्वळ एका संगणकाच्या अडाणीपणामुळे मिळाली.

मामंजींच्या पोटात काही राहत नाही. त्यांनी फोन करून ही शर्यत माझ्या वडिलांना सांगून टाकली. बाबा संस्कृतचे मास्तर, निवृत्त झालेले. आमचं घराणं इथं पेशव्यांच्या कारकुनीबरोबर आलं आणि मग भिक्षुकी, मास्तरकी करत ओरछा गेटच्या एका गल्लीत टिकून राहिलं. तोपर्यंत बाबांना सायटेशन हा शब्दही ठाऊक नव्हता. पण व्याही म्हणतात की आपली मुलगी पुढं आहे, हे कळल्यावर त्यांना स्वस्थ बसवेना. गेटाजवळ फोटोकॉपी आणि फॉर्म भरून देणाऱ्याचं एक दुकान होतं. शनिवारी मारुतीला तेल घालून आले, की बाबा तिथं जाऊन बसायचे. "भैया, हमारी बिटिया का देखो." दुकानदार फॉर्म भरणाऱ्या गिऱ्हाइकाला थांबवून ते पान उघडून द्यायचा. गिऱ्हाईकही बिचारं वाकून बघायचं, पास झाली का म्हणून विचारायचं.

मराठी मंडळाच्या गणपतीत हे दोन व्याही समोरासमोर यायचे. एरवी आरतीच्या चालीवरून वाद घालायचे, आता त्यांना नवा विषय मिळाला.

"काय समधीजी, तिकडची काय म्हणते?"

"बरं चाललंय. परवा ब्राझील आलं."

"असं का. आमच्याकडे इराण येऊन गेला."

"हो, इराण आमच्याकडे मागंच आला होता. आता तुमच्याकडे वळला असेल."

प्रसाद वाटणाऱ्या एक बाई मला कौतुकानं म्हणाल्या, किती गं पाहुणे तुमच्याकडे, कसं जमवता. मी त्यांच्या हातातला मोदक घेऊन पळाले, कारण तिथं थांबले असते तर गणपतीसमोर फुटले असते.

सासरची गाडी खरंच वेग घेत होती. पोळ्या सुटल्या, हळदीकुंकू सुटलं, लिहायला वेळ मिळाला. पण माहेरचीला गाठणं होत नव्हतं. आपण थोडे पुढं गेलो की तीही थोडी पुढं सरकलेली असायची. मामंजी म्हणायचे, ही आहे कोण, झोपत नाही का. मला स्वतःचाच असा राग यायला लागला की विचारू नका. चोविसाव्या वर्षीच्या त्या पोरीला काय कळत होतं? तिला नीट ग्राफसुद्धा काढता येत नव्हता.

एका शनिवारी मी ओरछा गेटला गेले होते, तर बाबा म्हणाले, चल दुकानात. दुकानदारानं पान उघडलं. बाबांनी चष्मा पुसला, पडद्यावरच्या माझ्या नावाखाली बोट धरलं आणि वर्गात पोरांना वाचून दाखवावं तसं ते सावकाश वाचलं. पहिलं माझं, मग त्यांचं, मग आडनाव.

"बघ, जपानात बसून कुणीतरी तुझं नाव लिहिलंय," ते म्हणाले. "पाळण्यात तुझ्या कानात सांगितलं आत्यानं. पण काढलं मी."

आई जाऊन काही वर्षं झाली होती. ती गेल्यावर मला त्या नावानं हाक मारणारं एकच माणूस उरलं होतं. नगऱ्यात मी नव्या नावाची, संस्थेत नव्या नावाची मॅडम, मुलांच्या शाळेतही नव्या नावाची आई. आणि बाबांच्या तोंडून ते नवं नाव मी कधी म्हणजे कधीच ऐकलं नव्हतं. सासरच्यांशी बोलताना ते म्हणायचे तुमची सून. नवऱ्याशी बोलताना, आमची मुलगी. मी एकदा विचारलंही होतं. ते म्हणाले, "माझं त्या नावाशी भांडण नाही. ते तोंडात बसत नाही, एवढंच." त्या दुकानात, फॉर्मवाल्यांच्या गर्दीत, मला कळलं की हा माणूस आकडे बघायला येतच नाही. तो आपल्या मुलीचं नाव चालू आहे की नाही ते बघायला येतो. मला रडू आलं, आणि मी दुकानदाराला पंखा मोठा करायला सांगितलं.

मग आमच्या प्रकल्पाचे प्रमुख निवृत्त व्हायची वेळ आली. त्यांच्या जागी झाशीतलंच कुणी लायक सापडलं तर तिळाचं काम इथं राहणार होतं. नाही तर आख्खा प्रकल्प दक्षिणेतल्या एका केंद्रात विलीन होणार, आणि बियाण्याच्या पाकिटांबरोबर माझीही रवानगी तिकडे. नवरा इथल्या रेल्वेत, मुलं इथं शाळेत, दोन म्हातारे दोन टोकांना, आणि माझी मिटल्या तोंडाची झाडं बरुआसागरच्या मातीत. मी अर्ज केला. संचालकांनी माझ्या पेपरांची यादी बघितली आणि तोंड वाकडं केलं.

"इतने में नहीं होगा. आपके पुराने काम की गिनती ही नहीं आ रही. उन दूसरी मैडम को अपने में मिला लीजिए."

म्हणजे दोघींचं एकच पान करायचं. त्याला पुरावा म्हणून संस्थेला शपथपत्र हवं होतं, की या दोन बाया एकच आहेत. साक्षीला माहेरचा एक आणि सासरचा एक. नोकरीच्या दप्तरात सासरचं नाव, म्हणून पानावर तेच राहणार. माहेरचं नाव खाली, उर्फ म्हणून, बारीक अक्षरात.

मी ओरछा गेटला गेले. बाबा अंगणात मटार सोलत बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी एक शेंग हातात तशीच धरली.

"म्हणजे तिला बंद करणार."

"बंद नाही बाबा. एकत्र करणार."

"वर कुणाचं नाव?"

मी एक शेंग उचलून सोलायला लागले.

"चांगल्या जित्या पोरीला उर्फ करायचं," ते म्हणाले, "आणि त्यावर सही बापाची. मला नाही जमायचं."

माझा स्वभाव तापट आहे, आणि तो त्यांच्याकडूनच आलाय. मी म्हटलं, मग जाते झाशी सोडून, तुम्ही बसा शनिवारी दुकानात नाव वाचत. ते म्हणाले, तसं मी कुठं म्हटलं. मग आत जाऊन त्यांनी चहा टाकला. आम्ही तो प्यालो, आणि मी उरलेले मटार सोलून, कप विसळून निघाले.

मला वाटलं होतं मामंजी खूश होतील. इतक्या वर्षांची शर्यत, आणि शेवटी वर त्यांचंच नाव. पण त्यांना भलतीच काळजी लागली. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, की माणसानं स्वतःच स्वतःचा केलेला उल्लेख समिती धरत नाही, वजा करते. आपल्या तोंडानं आपली स्तुती म्हणून. आजवर इकडची वेगळी आणि तिकडची वेगळी होती, तेव्हा प्रश्न नव्हता. आता एक झाल्यावर किती गळणार? मामंजी चष्मा लावून माझा लॅपटॉप घेऊन बसले. तिकडचीला कुणी कुणी मानलंय ते एकेक करून बघायला लागले. जेवायला हाक मारली तरी उठेनात. मग एकदम त्यांनी मला बोलावलं. आवाज काहीतरी वेगळाच होता.

"अगं, तिकडचीला सगळ्यांत जास्त कोण मानतं, माहीत आहे?"

"कोण?"

"इकडची."

आता यात नवल काहीच नव्हतं. ज्या पायावर आपण उभे राहतो त्याचा उल्लेख करावाच लागतो. माझं पुढचं सगळं काम त्या पहिल्या पेपरावर उभं होतं. मी लिहिताना कधी त्याचा विचारही केला नव्हता. सवयीनं लिहीत गेले. पण मामंजींच्या बोटाखाली ते एकाखाली एक बघितलं, पुन्हा पुन्हा माझंच सासरचं नाव, तेव्हा मी तिथंच खुर्चीवर बसले. इतकी वर्षं मी ज्या पोरीवर जळत होते तिला पुढं ढकलणारी मीच होते.

"टोपी दे माझी," मामंजी म्हणाले.

ते टेम्पोत बसून ओरछा गेटला निघाले. दोघे भांडतील या भीतीनं मीही मागच्या टेम्पोत बसले. पोचले तेव्हा मामंजी अंगणात उभे होते, अजून टोपीसुद्धा काढली नव्हती.

"समधीजी, आपला दोघांचा हिशेब चुकला," ते सांगत होते. "तुमची पुढं पुढं जात होती ना? तिला ढकलत होती आमची. हिनं एक पेपर लिहिला नाही, ज्यात तुमच्या पोरीचं नाव आधी घेतलं नाही. मी सगळे बघितले. एकही गाडी चुकली नाही."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "खरं?"

"हो."

"प्रत्येक पेपरात?"

"प्रत्येक."

"तुझ्या... त्या दुसऱ्या नावानं लिहिलेल्या?"

"हो बाबा. पण आता ते धरणार नाहीत. एक झाल्यावर ते स्वतःचं स्वतः होतं, वजा जातं."

बाबांनी तुळशीची दोन सुकलेली पानं खुडली. मग म्हणाले, "जाऊ दे वजा. तू लिहिलंस ना." आणि मामंजींना विचारलं, कचेरी किती वाजता उघडते.

समितीचं काय झालं ते इथंच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. वजाबाकी करूनही माझं जेमतेम भागलं आणि तिळाचं काम झाशीत राहिलं. समितीत ते समोसावाले पाहुणे होते. त्यांनी कागद वर-खाली केले, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तो वो घमंडी वाली आप ही हैं." मी म्हटलं, जी. बाकीच्यांना काही कळलं नाही आणि आम्ही दोघांनी सांगितलंही नाही.

पण त्याआधीची ती कचेरी. नवरा गाडी घेऊन बाहेर होता, म्हणून आम्ही चौघं गेलो. मी, बाबा, मामंजी आणि सासूबाई. सासूबाईंचं खरं तर काहीच काम नव्हतं. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, की साक्षीदाराला दोन्ही नावं तोंडानं सांगावी लागतात. त्यांनी इस्त्रीची साडी नेसली आणि म्हणाल्या, मी येणार. मामंजी म्हणाले, तुझं तिथं काय काम. त्या म्हणाल्या, ऐकायचं काम.

कडुनिंबाखाली बसून शपथपत्रं करून देणारे वकील जुन्या चालीचे होते. साक्षीदाराच्या तोंडून ऐकल्याशिवाय मोहोर उठवत नसत. त्यांनी आधी मामंजींना पुढं घेतलं.

"इन्हें किन नामों से जानते हैं, बोलिए."

मामंजींनी सासरचं नाव खणखणीत सांगितलं. माझं, त्यांच्या मुलाचं, आडनाव, सगळं.

"और शादी से पहले का?"

मामंजींचे कान लाल झाले. ते झाडावर काहीतरी शोधायला लागले. "वही... जो हमारे घर में है."

"घर में क्या है?"

"मतलब हमारी घरवाली का जो है, वही."

"घरवाली का नहीं पूछ रहा, बहू का पूछ रहा हूँ."

"एक ही है साहब."

"तो बोलिए एक ही."

शेजारच्या बाकावरचे दोन मुवक्किल आपलं भांडण थांबवून बघायला लागले. सासूबाई पदर तोंडाला लावून हलत होत्या. माझ्या जिभेला हाड नाही, मी म्हटलं, "मामंजी, नाव घ्या." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की एरवी मी आत पळाले असते. मग त्यांनी घसा खाकरला आणि, कंट्रोलमधून गाडीची खबर द्यावी तसं, भराभर ते नाव घेतलं.

"मला नाही ऐकू आलं," सासूबाई मराठीत म्हणाल्या.

वकिलांना मराठी येत नव्हतं, पण ते शहाणे होते. "ज़ोर से," ते म्हणाले.

मामंजींनी पुन्हा घेतलं. या वेळी सावकाश, आणि सासूबाईंकडे बघून. सासूबाईंनी फक्त पदर सारखा केला आणि बाकावर सरकून मामंजींना बसायला जागा दिली. हसून माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यातलं सगळंच हसण्याचं नव्हतं.

मग बाबा पुढं झाले. माहेरचं नाव त्यांनी नेहमीसारखं, एकेक अक्षर स्वच्छ उच्चारून सांगितलं. वकिलांनी लिहून घेतलं आणि पेन थांबवलं.

"और अब का?"

बाबांनी चष्मा काढून पुसला. वकिलांनी वर बघितलं. मला राहवेना, मी म्हणणार होते की साहेब, ते कागदावर आहेच, तिथून उतरवा. मी तोंड उघडलं, तर बाबांनी हात वर करून मला थांबवलं. मग ते वकिलांकडे पाठ करून माझ्याकडे वळले, आणि अंगणातून घरात कुणाला हाक मारावी तशी त्यांनी मला त्या नावानं हाक मारली.

मी ओ दिली.